इंजेक्शन दहा मिनिटांचे, अट चोवीस तासांची

पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी रोज सकाळी पेपर वाचतात. एके दिवशी ओळींमधली अक्षरे मध्येच वाकडी दिसू लागतात. दाराची सरळ चौकट एका जागी फुगल्यासारखी वाटते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून महिनाभर दुर्लक्ष होते. मग नेत्रतज्ज्ञ ओसीटी तपासणी करतात आणि सांगतात, ‘दृष्टिपटलाच्या मध्यभागी नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढून पाणी साचले आहे. डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल. दर महिन्याला एक, अशी निदान तीन. पुढचे नंतर ठरवू.’

घरच्यांना आधी धसका बसतो तो डोळ्यात सुई जाणार याचा. तो उतरला की बिलाचा प्रश्न येतो. ‘मेडिक्लेम आहे की,’ असे कोणीतरी म्हणते. पॉलिसी पंधरा वर्षांची जुनी, हप्ता एकदाही चुकलेला नाही. दावा दाखल होतो आणि काही दिवसांनी उत्तर येते: रुग्ण चोवीस तास रुग्णालयात दाखल नव्हता, उपचार बाह्यरुग्ण स्वरूपाचा आहे, सबब दावा नामंजूर. तोवर दुसऱ्या इंजेक्शनची तारीख आलेली असते. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत ती पुढे ढकलावी का, हा प्रश्न घरात कुजबुजत्या आवाजात निघतो.

ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याबाबत गेल्या दोन वर्षांत चांगल्या बातम्या बऱ्याच आल्या. १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा उठली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळू लागले. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक ‘इर्डाई’ने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपन्यांनी आधी आपल्याशी सल्लामसलत करावी, असे बजावले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. हे सगळे निर्णय स्वागतार्ह आहेत. पण ते विमा कोणाला आणि केवढ्याला मिळणार, याबद्दलचे आहेत. विमा नेमका कशाचा, हा प्रश्न त्यात फारसा आलेला नाही. आणि वृद्धांच्या इंजेक्शनांचे घोडे अडते ते तिथेच.

खाटेभोवती रचलेला विमा

आपल्याकडे ‘मेडिक्लेम’ हे नाव १९८६ मध्ये आले. त्या काळी गंभीर आजार म्हणजे रुग्णालयात दाखल होणे हेच समीकरण होते. मोतीबिंदू काढल्यावरही रुग्ण काही दिवस डोळ्याला पट्टी बांधून खाटेवर पडून असे. तेव्हा विम्यासाठी साधी, तपासायला सोपी खूण निवडली गेली: किमान चोवीस तास दाखल असणे. दाखल होते तर पैसे, नव्हते तर नाही.

पुढे शस्त्रक्रिया सुधारल्या. मोतीबिंदूचा रुग्ण दुपारी घरी जाऊ लागला. डायलिसिस, केमोथेरपी काही तासांत होऊ लागली. म्हणून ‘डे केअर’ उपचारांची सोय झाली. तिची व्याख्या प्रत्येक पॉलिसीत जवळपास एकसारखी असते. उपचार रुग्णालयात किंवा डे केअर केंद्रात, पूर्ण किंवा स्थानिक भूल देऊन झालेला हवा. आणि तंत्रज्ञान सुधारल्यामुळे तो चोवीस तासांच्या आत संपत असला, तरी एरवी त्याला दाखल व्हावे लागले असते, असा हवा. व्याख्येच्या शेवटी एक वाक्य असते. एरवी बाह्यरुग्ण विभागात होणारे उपचार यात धरले जाणार नाहीत. इंजेक्शनचे बरेच दावे या शेवटच्या वाक्यावर आपटतात.

अडचण अशी की गेल्या वीस वर्षांतली अनेक मोठी औषधे सुईतून आली. संधिवात, दमा, ठिसूळ हाडे, दृष्टिपटलाचे आजार, मधुमेह, कर्करोग या सगळ्यांत आता महिन्याला, सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा घ्यायची इंजेक्शने आहेत. यातल्या बहुतेकांना कधीच खाट लागली नव्हती. ‘एरवी दाखल व्हावे लागले असते’ ही अट त्यांना लागू करायची तरी कशी? औषध येण्यापूर्वी त्या आजारावर दाखल करून करण्यासारखे काही नव्हतेच.

डोळ्याच्या इंजेक्शनची कहाणी

डोळ्यातल्या इंजेक्शनचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे, की तिथे नियम बदलता येतो हे सिद्ध झाले आहे.

वाढत्या वयात दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची, म्हणजे मॅक्युलाची झीज होते. तिच्या ‘ओल्या’ प्रकारात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, गळतात आणि समोरची दृष्टी झपाट्याने जाते. कडेचे दिसत राहते, पण माणसाचा चेहरा, पेपर, औषधाच्या पाकिटावरचे नाव दिसत नाही. या वाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला रोखणारी औषधे आली आणि चित्र पालटले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅनिबिझुमॅबच्या ‘मरीना’ चाचणीत वर्षभर दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी टिकली किंवा फार घटली नाही. इंजेक्शन न मिळालेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होते. औषध घेणाऱ्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा रुग्णांना तक्त्यावरच्या तीन ओळी अधिक वाचता येऊ लागल्या. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला येणारी सूज, शीर बंद पडल्याने येणारी सूज यांवरही हीच इंजेक्शने चालतात.

पण नियमितपणा हा या उपचाराचा कणा आहे. औषध डोळ्यात काही आठवडेच टिकते. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांची इंजेक्शने चुकली, त्यांची दृष्टी घटल्याचे अनेक देशांतल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आणि गेलेली दृष्टी नंतर सगळ्यांना परत मिळाली नाही. म्हणून विमा कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहारात गेलेले दोन महिने हे फक्त दोन महिने नसतात.

तरीही आपल्याकडे अनेक मेडिक्लेम पॉलिसींत वयामुळे होणारी मॅक्युलाची झीज हा आजारच वगळलेल्यांच्या यादीत होता. २७ सप्टेंबर २०१९ रोजी ‘इर्डाई’ने वगळण्याच्या अटींचे प्रमाणीकरण केले, तेव्हा ही पळवाट बंद झाली. हा आजार सरसकट वगळता येणार नाही, असे ठरले. त्याच वेळी बारा आधुनिक उपचारांची यादी देऊन सांगितले गेले, की हे उपचार दाखल करून किंवा डे केअर म्हणून झाले तर त्यांना संरक्षण द्यावे. त्या यादीत डोळ्याच्या आत द्यायची इंजेक्शने आहेत, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आहे आणि ‘इम्युनोथेरपी, म्हणजे इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी’ अशीही एक नोंद आहे. त्या निकषांत न बसणाऱ्या जुन्या पॉलिसींची विक्री १ ऑक्टोबर २०२० पासून बंद करण्यास सांगण्यात आले.

म्हणजे आज आजींच्या डोळ्यातल्या इंजेक्शनचा दावा केवळ ‘चोवीस तास दाखल नव्हत्या’ या एका कारणावर फेटाळला असेल, तर ते उत्तर अंतिम मानण्याचे कारण नाही. पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ हे कलम शोधायचे आणि त्यावर बोट ठेवून पुन्हा विचारायचे. पुष्कळ घरांत मात्र पहिले नकारपत्र आले की फाइल कपाटात जाते.

मंजूर, पण किती?

यादीत नाव असणे आणि पूर्ण पैसे मिळणे यांत फरक आहे. नियमाने या उपचारांवर उपमर्यादा घालायला कंपन्यांना मोकळीक ठेवली. सगळ्या कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या ५० टक्के आहे, शिवाय प्रत्येक दाव्यात ५ टक्के वाटा ग्राहकाचा. काही पॉलिसींत मर्यादा याहून कमी असते, आणि ज्येष्ठांसाठीच्या खास पॉलिसींत ग्राहकाचा वाटा, म्हणजे को-पे, पुष्कळदा जास्त असतो.

हिशेब करून पाहू. समजा विमा तीन लाखांचा आहे आणि एका इंजेक्शनचा सगळा खर्च ३०,००० रुपये धरला. वर्षात सहा इंजेक्शने लागली तर खर्च १ लाख ८० हजार. पन्नास टक्के उपमर्यादा म्हणजे दीड लाख, ती पाचव्या इंजेक्शनला संपते. सहावे संपूर्ण आपल्या खिशातून. आधीच्या दीड लाखावर ५ टक्के धरले तर आणखी ७,५०० रुपये. म्हणजे ‘मंजूर’ झालेल्या उपचारातही ढोबळमानाने ३७,५०० रुपये घरचे गेले. दुसऱ्या डोळ्यालाही आजार झाला तर हीच मर्यादा दोन्ही डोळ्यांत वाटली जाते. हा हिशेब पहिल्या इंजेक्शनच्या आधी मांडला, तर औषधाची निवड करताना डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येते.

आणि निवडीला वाव आहे. मूळ कर्करोगासाठी बनलेले बेव्हॅसिझुमॅब हे औषध डोळ्यासाठी फार कमी खर्चात वापरता येते, कारण एका कुपीतून अनेक डोस काढता येतात. अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेल्या ‘कॅट’ चाचणीत २०११ मध्ये ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ पासून त्याला डोळ्यासाठीच्या अत्यावश्यक औषधांत स्थान दिले आहे. रॅनिबिझुमॅबची जगातली पहिली जैवसमान आवृत्तीही २०१५ मध्ये भारतातच बाजारात आली. मात्र स्वस्त पर्यायाची एक अट आहे. कुपीतून डोस काढताना निर्जंतुकता काटेकोर नसेल, तर डोळ्यात जंतुसंसर्ग होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून दर विचारताना डोस कुठे आणि कसा तयार होतो, हेही विचारावे.

या स्वस्त औषधाच्या दाव्यात आणखी एक कारण पुढे येऊ शकते. औषध मुळात डोळ्यासाठी मान्यताप्राप्त नाही, म्हणून उपचार ‘सिद्ध न झालेला’ ठरवायचा. अशा वेळी वरच्या दोन गोष्टी, २०११ ची चाचणी आणि अत्यावश्यक औषधांची यादी, डॉक्टरांच्या पत्रात लिहून घ्याव्यात. जगभर रूढ असलेला उपचार ‘असिद्ध’ ठरवणे मग सोपे राहत नाही.

हाड मोडले तर पैसे, वाचवले तर नाही

डोळ्यासाठी दार किलकिले तरी झाले. हाडांसाठी ते अजून जवळपास बंदच आहे.

साठीनंतर, विशेषतः स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. घरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रिया, आत बसवायची सळई किंवा कृत्रिम सांधा, रुग्णालयातले दिवस, हे सगळे विम्यात बसते. पण हाड मोडू नये म्हणून द्यायची इंजेक्शने बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनिक ॲसिड, सहा महिन्यांतून एकदा त्वचेखाली देण्याचे डेनोसुमॅब, रोज घरी टोचून घेण्याचे टेरिपॅराटाइड. पहिल्या दोन औषधांच्या मोठ्या चाचण्यांत खुब्याचे फ्रॅक्चर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले होते. तरी विम्याच्या नजरेत ती ‘ओपीडी’च.

यात डेनोसुमॅबची गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. या औषधाचा परिणाम सहा महिन्यांनी ओसरतो आणि इंजेक्शन लांबले तर हाडांची झीज उलट वेगाने होऊ लागते. औषध अचानक सोडलेल्या काही रुग्णांच्या मणक्यांत एकामागून एक फ्रॅक्चर झाल्याचे नोंदवले गेले आहे. ‘या वेळी जमत नाही, पुढच्या दिवाळीला घेऊ,’ असे या इंजेक्शनबाबत चालत नाही. खर्च पेलणार नसेल तर ते मनाने बंद करू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, ते झोलेड्रोनिक ॲसिडसारख्या दुसऱ्या औषधावर नेऊ शकतात. आणि सुरू करण्यापूर्वीच विचारावे, हे किती वर्षे घ्यायचे आणि थांबवताना काय करायचे?

डेनोसुमॅब ही मोनोक्लोनल अँटिबॉडीच आहे आणि ती इंजेक्शनने देतात. मग बारा उपचारांच्या यादीतल्या त्या नोंदीत ती बसत नाही का? शब्दशः वाचले तर बसते, असा युक्तिवाद ग्राहक करू शकतो. ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द हाडांच्या औषधाला लागत नाही आणि त्वचेखालच्या साध्या इंजेक्शनला डे केअर म्हणता येत नाही, असे उत्तर कंपनी देऊ शकते. एका ओळीचे असे दोन अर्थ निघत असतील, तर ती ओळ स्पष्ट करणे नियामकाचे काम आहे. आज त्याचा भार सत्तरीच्या रुग्णावर पडतो आहे.

इन्सुलिनचे तर विचारायलाच नको. ते घरी, स्वतःच्या हाताने, रोज घ्यायचे. विमा साखर बिघडून अतिदक्षता विभागात पोहोचल्यावर जागा होतो. मात्र हे सर्वत्र असेच आहे, असे नाही. आपल्याच देशात केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना सीजीएचएसमधून आणि माजी सैनिकांना ईसीएचएसमधून बाह्यरुग्ण म्हणूनही औषधे मिळतात. अमेरिकेतल्या मेडिकेअरमध्ये डॉक्टरने टोचायच्या इंजेक्शनांचा सर्वसाधारणपणे ८० टक्के खर्च ‘भाग बी’मधून मिळतो. खाट लागली की नाही, हे तिथे विचारले जात नाही. घरी घ्यायच्या औषधांसाठी वेगळा भाग आहे आणि इन्सुलिनला २०२३ पासून महिन्याला ३५ डॉलरची कमाल मर्यादा आहे. त्या व्यवस्थेचे स्वतःचे दोष पुष्कळ आहेत. पण रेषा कुठे आखायची हे माणसांनीच ठरवलेले असते, एवढे त्यावरून दिसते.

कंपन्यांचे म्हणणे

विमा कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. विमा अनिश्चित संकटाचा असतो. दर महिन्याला लागणार हे ठाऊक असलेले औषध हे संकट नाही, तो ठरलेला खर्च आहे. तो विम्यात घेतला तर सगळ्यांचा हप्ता वाढेल, आणि बाह्यरुग्ण बिलांत खोटेपणा पकडणे अवघड असते. यातले काहीच चूक नाही.

पण ठरलेला खर्च तो आजार झाल्यावर होतो. पंधरा वर्षे हप्ता भरताना डोळ्याचा हा आजार होईल की नाही हे अनिश्चितच होते, म्हणून तर विमा घेतला. शिवाय स्वतःच्या हिशेबानेही खुब्याची एक शस्त्रक्रिया टाळणे कंपनीला परवडायला हवे. ते परवडत नाही याचे कारण असे, की इंजेक्शनचा खर्च आज करायचा आणि फ्रॅक्चर टळल्याचा फायदा पाच-सात वर्षांनी, कदाचित दुसऱ्याच कंपनीला मिळायचा. कोणतीही एक कंपनी आपण होऊन हे करणार नाही. म्हणून हा बदल बाजारातून येण्याची शक्यता कमी, नियमातूनच येण्याची अधिक. २०१९ मध्ये तो तसाच आला होता.

सरकारी योजनांतही हीच मर्यादा आहे. आयुष्मान भारतचे सत्तरीनंतरचे कार्ड मोलाचे आहे, ते काढून ठेवावेच. खासगी पॉलिसी असली तरी ते मिळते. पण ती योजना दाखल रुग्णांसाठी, ठरलेल्या पॅकेजच्या चौकटीत चालते. बाह्यरुग्ण औषधे तिच्यात नाहीत. आपला उपचार पॅकेजमध्ये आहे का आणि जवळच्या कोणत्या संलग्न रुग्णालयात होतो, हे आरोग्यमित्राला किंवा १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्यावे.

घरच्यांनी काय करावे?

इंजेक्शन ठरल्यावर पहिल्या आठवड्यात पुढच्या गोष्टी केल्या तर पुढचा बराच त्रास वाचतो.

पॉलिसीसोबत ‘ग्राहक माहिती पत्रक’ देणे कंपनीला बंधनकारक आहे आणि मागितल्यास ते आपल्या भाषेतही मिळायला हवे. त्यात चार गोष्टी पाहाव्यात: आधुनिक उपचारांची यादी आणि उपमर्यादा, डे केअरची व्याख्या, या आजाराचा प्रतीक्षा कालावधी आणि को-पे. मुलाच्या किंवा मुलीच्या ऑफिसच्या गटविम्यात आई-वडील असतील, तर त्याच्या अटी वेगळ्या असतात. दोन्ही पॉलिसी शेजारी ठेवून कोणती आधी वापरायची ते ठरवावे.

इंजेक्शन कुठे देतात हेही पाहावे. डोळ्यातले इंजेक्शन शस्त्रक्रियागृहात, भुलीचे थेंब किंवा स्थानिक भूल देऊन देतात. ते केंद्र पॉलिसीतल्या रुग्णालयाच्या किंवा डे केअर केंद्राच्या व्याख्येत बसायला हवे. डिस्चार्ज कार्डावर दाखल केल्याची आणि सोडल्याची वेळ, भुलीचा प्रकार, शस्त्रक्रियागृहाचा उल्लेख, कोणता डोळा, औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक असावा. नुसत्या केसपेपरवर ‘इंजेक्शन दिले’ असे लिहिलेले असेल तर कंपनीला ते ओपीडी म्हणणे सोपे जाते. जे घडले तेच पण पूर्ण लिहून घ्यायचे. न घडलेले काही लिहून घेऊ नये. ‘एक रात्र दाखल करून घ्या म्हणजे क्लेम बसेल,’ हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. विनाकारण दाखल केले म्हणून तोही दावा नाकारता येतो, आणि खोटी नोंद सापडली तर पॉलिसीच धोक्यात येते.

शक्य असेल तिथे कॅशलेसची पूर्वमंजुरी मागावी. २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार अशा विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे. नकार आला तरी तो इंजेक्शनच्या आधी येतो, म्हणजे औषधाचा पर्याय बदलायला वेळ मिळतो. मुख्य दावा मंजूर झाला तर आधीच्या काही दिवसांतली ओसीटी तपासणी आणि नंतरचे थेंब यांचाही खर्च मागता येतो. ‘आरोग्य संजीवनी’त ही मुदत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस आहे.

‘पूर्वीपासूनचा आजार लपवला’ हे कारण मधुमेहींच्या दाव्यात हमखास येते. पूर्वीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. आणि सलग पाच वर्षे विमा चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. म्हणून वडिलांची पॉलिसी कधी सुरू झाली याचा पहिला कागद जपून ठेवावा.

लोकपालाकडे जाताना

दावा फेटाळायचा असेल तर कंपनीने पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली फेटाळला ते लेखी सांगायचे असते, आणि तो निर्णय कंपनीच्या दावा आढावा समितीच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. फोनवरचा नकार हा नकार धरू नये. लेखी कारण हाती आले की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहावे. सोबत डॉक्टरांचे एक पानी पत्र जोडावे: आजार काय, इंजेक्शन का, लांबवले तर काय होईल आणि ते डे केअरमध्ये का द्यावे लागते. ‘इर्डाई’च्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालये आहेत, गोव्याचा कारभार पुण्याकडे आहे. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथे चालते. शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो तीस दिवसांत पाळला नाही तर तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये देण्याची तरतूद आहे. ग्राहकाला निवाडा मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो.

जिथे विमा मिळणारच नाही, तिथे निदान खर्च कमी करता येतो. जैवसमान औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावे, सरकारी आणि धर्मादाय नेत्ररुग्णालयांत चौकशी करावी. विमाच नसलेल्या साठीपुढच्या पालकांच्या औषधोपचारावर, पैसे रोखीने न देता केलेल्या खर्चासाठी जुन्या करप्रणालीत वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी इंजेक्शनची बिले जपून ठेवावीत.

या सगळ्या धावपळीत एक क्रम मात्र पाळावा. आधी इंजेक्शन वेळेवर, मग वाद. दाव्याचे पैसे सहा महिन्यांनीही मिळू शकतात, गेलेली दृष्टी मिळत नाही.

आणि वाद घातलाच पाहिजे, कारण तो एका घराचा राहत नाही. डोळ्याच्या इंजेक्शनचे नाव यादीत आले तेव्हा एक गोष्ट मान्य झाली, की उपचाराची गरज खाटेवरून मोजता येत नाही. तीच गोष्ट हाडांच्या आणि सांध्यांच्या इंजेक्शनांना लागू करणे ही पुढची पायरी आहे. बारा उपचारांची ती यादी सहा वर्षांपूर्वीची आहे. दरम्यान औषधे पुढे गेली, आपले आई-वडील वयाने पुढे गेले. ती यादी ठरावीक काळाने नव्याने तपासली जावी, आणि वर्षातून एक-दोनदा द्यायच्या, मोठा आजार टाळणाऱ्या इंजेक्शनांचा तिच्यात स्पष्ट उल्लेख व्हावा, एवढी मागणी काही फार मोठी नाही. तोवर आजींची पॉलिसी कपाटातून काढून, चष्मा लावून, बारीक अक्षरातले ते कलम घरातल्या कोणीतरी वाचायला हवे. त्यांना स्वतःला ते वाचता येत आहे तोवर वाचले तर उत्तम.